जान्याच्या साक्षीला आमेन

"पाणी कसं शे?" माझ्या बायकोने, अनुसयाने, काठावरूनच विचारलं.

मी नदीत घातलेला हात लगेच बाहेर काढला आणि काखेत दाबून धरला. डिसेंबरातला तिसरा रविवार, सकाळचे नऊ. दोन्ही बाजूंना सातपुड्याचे डोंगर, त्यामुळे त्या नदीवर ऊन पडायला अकरा वाजतात.

"बरफ शे," मी म्हणालो. "तुन्हा पाळकले सांग, पहिले तूच बुडी मार."

एरवी ती हसली असती. आज तिचं लक्षच नव्हतं. ती वरच्या पायवाटेकडे बघत होती. तिथून यामिनी खाली येत होती, आईची शाल गुंडाळून. चौदा वर्षांची काटकुळी पोर. त्या दिवशी पाच जणांचा बाप्तिस्मा होता, त्यातली ही एक. ती प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकत होती, आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला लांबूनही पिवळट दिसला.

"हाई पोरगी बरी नही दिखत," मी म्हणालो.

"थंडी शे ना," अनुसया म्हणाली. पण ते तिने मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मी दिवाल्या. दिवाळीत जन्मलो म्हणून दिवाल्या. घराणं आजोबांपासून ख्रिस्ती, तरी नावाचं कोणी मनावर घेतलं नाही. आम्ही दोघंही मूळ नवापूरकडचे, मावची बोलणारे. पण मी तीस वर्षं शहादा आगारात एसटी चालवली आणि अनुसयाने तितकीच वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. शहाद्यात राहून राहून आता आमचं भांडणसुद्धा अहिराणीत होतं.

ती रिटायर झाली आणि मला वाटलं, चला, आता बाई घरी बसेल, गरम भाकरी मिळेल. तिसऱ्याच महिन्यात एका दुपारी ती तांदूळ निवडत होती. मी शेजारीच खाटेवर पडलो होतो. ती एकदम थांबली, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माले बलावणं ऊनं शे."

"कोन बलाई ऱ्हायना?"

"प्रभू. वर जा म्हणस. पाड्यावर."

मला काही ऐकू आलं नव्हतं. माझे कान इंजिनाशेजारी गेले हे खरं, पण हाताच्या अंतरावर देव बोलला तर काहीतरी कळायला हवं ना. मी विचारलं, "मंग मी काय खासू?"

"डाय-तांदूय कुकरमा टाका. तीन शिट्या व्हऊ द्या."

देवाने माझ्या बायकोला बोलावलं आणि मला साठाव्या वर्षी कुकर लावायला शिकवलं. हळद किती घालायची ते अजून नीट जमत नाही.

तेव्हापासून सहा वर्षं ती आठवड्यातले चार दिवस धडगावच्या बाजूला, रस्ता सोडून दीड तास चढावर असलेल्या त्या पाड्यावर राहायची. जखमा बांधायची, बाळंतिणी बघायची, ताप मोजायची, आणि रविवारी आंब्याखाली प्रार्थना. शनिवारी मीही वर जायचो आणि रविवारी तिला घेऊन उतरायचो. पाड्यातली निम्मी घरं जुन्या देवांचीच होती. तीही तिच्याकडे औषधाला येत. ती कोणाला देव बदल म्हणाली नाही. आधी औषध द्यायची, मग विचारायची, प्रार्थना करू का. नको म्हटलं तर नाही.

त्या पाड्यात सिकलसेलची चार-पाच पोरं होती. रक्ताचाच आजार तो, आईबापांकडून येतो आणि जन्मभर राहतो. थंडी बाधली, पाणी कमी प्यायलं की अंगातलं रक्त अडतं आणि हाडं दुखायला लागतात, इतकी की पोरगं जमिनीवर लोळतं. बरा होत नाही, पण रोज गोळी घेतली तर पोर जगतं. यामिनीला तो होता. तिची धाकटी बहीण गजरा, नऊ वर्षांची, तिलाही. त्यांची आई रूपलीबाई नवरा मेल्यापासून दोघींना एकटीने वाढवत होती. गोळ्या दर महिन्याला उपकेंद्रातून यायच्या. अनुसया प्रत्येक बुधवारी विचारायची, गोळी घेतली ना? आणि यामिनी मान डोलवायची.

म्हणून तर त्या सकाळी काठावर तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा तापत होता. अनुसयाने पाळकाशी आधीच बोलून ठेवलं होतं: बाकीचे चौघे नदीत उतरतील, यामिनीच्या डोक्यावर कोमट पाणी ओतायचं, तेवढ्याने भागेल. पाळक अजित, आमच्या मंडळीचा धर्मगुरू, तरुण माणूस, मनाचा चांगला. तो हो म्हणाला होता.

आता साक्षीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी माणूस सगळ्यांसमोर उभा राहतो आणि प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगतो. ती साक्ष. साक्ष कोणी अडवत नाही, मध्ये बोलत नाही, खरंखोटं विचारत नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं.

ऑक्टोबरात अशीच एक साक्ष झाली होती. जान्या नावाचा पन्नाशीचा माणूस, गुडघ्याने हैराण. तो उभा राहिला आणि म्हणाला, मी दवाखान्याच्या गोळ्या फेकल्या, फक्त प्रार्थना केली, आणि बघा. असं म्हणून तो आंब्याखाली चक्क नाचला. लोक रडायला लागले. बायकांनी गाणं धरलं. सहा वर्षांत इतकी आनंदी उपासना मी त्या पाड्यावर पाहिली नव्हती. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो, मला भूक लागली होती. शेवटी अनुसयाही म्हणाली, मोठ्याने.

परतताना उतारावर मी विचारलं होतं, "कसान्या गोया व्हत्या त्या?"

"कॅल्शियमन्या," ती म्हणाली. "बंद कऱ्यात तरी काही व्हत नही."

"मंग सांगं का नही?"

"इतला आनंद व्हता. कोन्हं मन मोडू?"

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी विषय सोडून दिला.

त्या रविवारी पहिल्या चौघांच्या साक्षी झाल्या. पाळक अजित कंबरभर पाण्यात जाऊन उभा होता, त्याचे ओठ निळे पडत चालले होते. मग यामिनी पुढे आली. तिने शाल काढून आईकडे दिली. तिथलं बोलणं पावरी, मला पूर्ण येत नाही, पण समजतं. मराठीत सांगायचं तर ती हे म्हणाली:

"माझ्या रक्तात लहानपणापासून रोग आहे. सगळ्यांना माहीत आहे. जान्यादादांची साक्ष ऐकली त्या दिवशी आईने आणि मी ठरवलं. त्या दिवसापासून मी एकही गोळी घेतली नाही. आज नऊ रविवार झाले. बाईंना मी खोटंच सांगत होते, घेते म्हणून. आज त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं, त्यांना आनंद होईल, असं आमचं ठरलं होतं. तेवढं खोटं प्रभू मला माफ करो."

तिने हसून अनुसयाकडे पाहिलं. वाढदिवसाला लपवून आणलेली वस्तू पुढे करावी तसा तिचा चेहरा झाला होता. आणि सगळे म्हणाले, आमेन.

मी माझ्या बायकोकडे बघत होतो. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आमेन आलं नव्हतं. घाटात ब्रेक दाबावा आणि पाय नुसता खाली जावा, तसं ते होतं.

"थांबा," अनुसया म्हणाली. "गाणं धरू नका. थांबा."

साक्षीनंतर कोणी असं बोलत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या.

"यामिनी, इकडे ये. शाल घे. आज तुझा बाप्तिस्मा नाही. रूपली, गोळ्या कुठे आहेत? घरात आहेत की फेकल्या?"

"हिच्या तेवढ्या नदीत सोडल्या," रूपलीबाई म्हणाली. तिला काही कळत नव्हतं. "बाई, काय झालं?"

"ही गोळी सोडायची नसते. किती वेळा सांगितलं मी तुला. मरण्याची गोष्ट आहे ही."

"पण बाई," रूपलीबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती, "जान्यादादांनी गोळ्या सोडल्या, तेव्हा तुम्ही आमेन म्हणालात ना? मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही नर्सबाई. तुम्ही म्हणालात म्हणून तर मी धाडस केलं."

मला वाटलं अनुसया काहीतरी सांगेल, वेळ मारून नेईल. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला ते येतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "त्याच्या गोळ्या साध्या होत्या, नाही घेतल्या तरी चालणाऱ्या. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोलले नाही. माझं आमेन खोटं होतं."

जान्या पुढच्याच रांगेत होता. तो हळूहळू उभा राहिला. "मग माझा गुडघा कोणी बरा केला, बाई?"

"पेरणी-निंदणी संपली होती तेव्हा, जान्या. तू दोन महिने बसून होतास."

हे तिने बोलायला नको होतं, किंवा दुसऱ्या शब्दांत बोलायला हवं होतं. जान्याचं तोंड उतरलं. मागून कोणीतरी म्हणालं, बाईंचा विश्वास गेला. एक म्हातारी रडायला लागली. पाण्यातून पाळक अजित म्हणाला, "बाई, साक्ष अडवायची नसते. आपण नंतर बोलू." सगळे एकदम बोलू लागले, आणि जो तो अनुसयाकडे बघत होता.

म्हणून यामिनीकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही. मला पाणी हलल्याचा आवाज आला तेव्हा ती मांडीभर पाण्यात होती. हात दोन्ही बाजूंना पसरून, थरथरत, पण थांबत नव्हती. तिला वाटलं असणार, आपली साक्ष खोटी ठरते आहे, ती खरी करायचा हाच एक मार्ग आहे.

"अजित, तिला बाहेर काढ," अनुसया ओरडली आणि चपलांसकट पाण्यात उतरली.

पाळकाने माझ्या बायकोकडे पाहिलं, मग पोरीकडे. पोर त्याच्यापर्यंत पोचली होती, डोळे मिटून उभी होती. काठावर गाणं सुरू झालं होतं. मी त्याला आजही दोष देत नाही. त्याने तिच्या पाठीखाली हात घातला आणि तिला पाण्याखाली नेऊन वर काढलं. दोन सेकंद, जास्त नाही. हंड्यातल्या पाण्याला तेव्हा वाफा येत होत्या.

अनुसयाने तिला कोरडं केलं, शेकलं, दोन घोंगड्यांत गुंडाळलं, कोमट पाणी पाजत राहिली. वर पाड्यावर येऊन माणसं जेवायला बसली. आमच्याजवळ कोणी बसलं नाही. यामिनी शेकोटीशेजारी हसत होती. "बघा बाई, काही झालं नाही मला," ती म्हणाली. अनुसयाने तिची नाडी धरून ठेवली होती.

मी रूपलीबाईच्या घराच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथे एक लांब बांबू टेकवून ठेवलेला होता, दोन्ही टोकं हात लागून लागून गुळगुळीत झालेली. त्या पाड्यावर गाडी येत नाही. आजारी माणसाला चादरीची झोळी करून त्या बांबूला टांगतात आणि रस्त्यापर्यंत नेतात. मला तिथून नजर काढता येईना.

दोन वाजता यामिनी म्हणाली, पाय दुखतात. अडीचला ती ओरडायला लागली.

झोळी बांधली तेव्हा पुढचं टोक उचलायला जान्या आला. कोणी बोलावलं नव्हतं. मागचं टोक मी घेतलं. उतारावर एकदा त्याचा तोच गुडघा वाकला, त्याने दात आवळले, पण खांदा काढला नाही. अनुसया झोळीला धरून चालत होती. मागून रूपलीबाई.

वाटेत पोर थोडी शांत झाली. मी अगदी मागेच होतो म्हणून ऐकलं.

"बाई, रागावल्या?"

"नाही गं."

"माझी साक्ष चांगली झाली ना?"

"चांगली झाली."

"मग आमेन म्हणा ना. सगळे म्हणाले. तुम्ही म्हणाला नाहीत."

अनुसयाने झोळीत वाकून, तिच्या कानाशी, आमेन म्हटलं.

रस्त्यावर जीप मिळाली. तालुक्याला सलाइन लावलं, तिथून रुग्णवाहिकेने नंदुरबारला आणलं. डॉक्टरांनी हात आखडता घेतला नाही, रक्त दिलं, ऑक्सिजन लावला. सोमवारी दुखणं छातीत गेलं. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास यामिनी गेली. रूपलीबाई रडली नाही. तिने पोरीच्या पायांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाय आता गरम होते हिचे. आताच."

पाड्यावर तिला पुरली, नदीच्या वरच्या अंगाला. पाळक अजितने प्रार्थना केली, त्याला ती पुरी करता आली नाही. आम्ही शहाद्याला परत आलो.

नाताळ आला आणि गेला. अनुसया चर्चला आली, कोपऱ्यात बसली. घरी ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, दुपारी खिडकीत बसायची. सहा वर्षांनी मला रोज गरम भाकरी मिळत होती, आणि लाज वाटते सांगायला, मला ती गोड लागत होती. जेवणाआधी मी प्रार्थना म्हणायचो आणि शेवटी तिच्या आमेनसाठी थांबायचो. ते यायचं नाही. मग मी एकटाच म्हणायचो आणि घास घ्यायचो.

जानेवारीत एका बुधवारी पहाटे उठलो तर ती पिशवी भरत होती. थर्मामीटर, बँडेज, गोळ्यांची पाकिटं. शिवाय दोन लुगडी, घोंगडी, ताट-वाटी. बायबल वर ठेवलेलं.

"आते कसाले जास?" मी म्हणालो. मला रागच आला. "तठे तोंड कोन दखी तुन्हं? तो बलावणारा आजून थकना नही का?"

"थकना ऱ्हाता ते बरं व्हतं," ती म्हणाली.

मी पायांत बूट घातले आणि पिशवी उचलली. जड होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा कोंबड्यांखेरीज कोणी सामोरं आलं नाही. आंब्याखालची जागा झाडलेली नव्हती. जान्या आपल्या ओट्यावर बसला होता. त्याने आम्हाला पाहिलं, मान खाली घातली, पण उठून आत गेला नाही. दोन दारं आमच्या देखत बंद झाली. अनुसया सरळ रूपलीबाईच्या घरापुढे गेली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. आत ये कोणी म्हणालं नाही, तिनेही विचारलं नाही. तो बांबू भिंतीला होता तिथेच होता.

बऱ्याच वेळाने रूपलीबाई बाहेर आली. महिन्याभरात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती. तिने अनुसयाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. ती आत वळली आणि गजराला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. अनुसयासमोर उभी केली आणि हात सोडला.

अनुसयाने पाकीट फोडून गोळी तळहातावर ठेवली, तांब्यातलं पाणी पोरीच्या हातात दिलं. गजराने गोळी गिळली.

"आ कर," अनुसया म्हणाली. "जीभ वर. आता खाली. बरं."

"आमेन," रूपलीबाई हळूच म्हणाली. आणि ऑक्टोबरात बघितलं असेल तशीच ती माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघत राहिली.

अनुसयाने फोडलेलं पाकीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. "उद्या पुन्हा," ती म्हणाली. "रोज सकाळी, माझ्यासमोर. मी आता इथेच राहणार आहे."

मला हे घरून निघताना सांगितलं नव्हतं तिने. पण ताट-वाटी पिशवीत पाहिली तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "शेवटली बस साडेचारनी शे. निंघा तुम्ही."

मी पिशवी तिच्या पायाशी ठेवली. पायवाटेने उतरायला लागलो, नदी ओलांडली, वर रस्त्याला आलो. तिथून पाड्यावरचा धूर दिसत होता. बस आली. ओळखीच्या ड्रायव्हरने पुढची सीट दिली आणि विचारलं, वहिनी कुठे? मी म्हणालो, राहिली.

घाट उतरताना आठवलं, तीन शिट्या मला माहीत आहेत, पण खिचडीला हळद किती घालायची ते विचारायचं राहूनच गेलं.